लुआचे मार्क

फेब्रुवारी १९७९. चिनी फौजा सरहद्द ओलांडून आत आल्या होत्या. लांग सॉनच्या स्टँडवर आम्ही सगळे हनोईच्या गाडीसाठी रांगेत होतो. एक तरुण शिक्षिका मात्र सरहद्दीकडे जाणारा ट्रक शोधत होती. माझ्या पुढच्या म्हातारीनं तिला हटकलं.

“दिशा चुकलीस का गं? माणसं इकडं पळताहेत.”

“नाही आजी. माझी विद्यार्थिनी तिकडं डोंगरात लपलीय, लुआ. तिचे मार्क बदलायचेत.”

“मार्क?”

“प्रश्न होता, सगळीकडे साम्यवाद आल्यावर युद्ध होईल का? पुस्तक म्हणतं, होणार नाही. तिनं लिहिलं, होईल. सगळं सगळ्यांचं झालं तरी नदीला काठ दोनच राहतील.”

“मग?”

“मी शून्य दिलं. वर्गासमोर उभं करून.”

“आता पलीकडच्या कॉम्रेडांनी पास केलं की तिला.”

“त्यांनी केलं. मी कुठं केलंय?”

“लढाई संपल्यावर सांग.”

“शून्य तोंडावर दिलं होतं, आजी.”

“बरं बाई. दहापैकी किती देणार?”

“आठ.”

“एवढं होऊन आठच?”

“युद्ध का होईल ते लिहिलंय. थांबवायचं कसं, ते सोडून दिलंय.”

“तुला येतं ते?”

“नाही. म्हणून तर दोघींनी बसायचंय.”