विल्सी, आहात का?

अर्डिस : दार नीट लाव. हीटर नुसता घरघरतोय, ऊब म्हणून नाही.

शॉना : लावलं. अर्डिस, ऐका ना...

अर्डिस : आणि बूट पूस. कालच झाडून काढलंय सगळं. केक घे, रूबार्बच्या आंबट देठांचा आहे. अजून वेळ आहे वर्गाला, टॉलेफ्सन सर आले नाहीत. बघ, पडद्यावर नुसती त्यांची हेडलीतली खुर्ची दिसतेय.

शॉना : आपलं बोलणं तिकडे जात नाहीये ना?

अर्डिस : माइकचं बटण दाबल्याशिवाय कसं जाईल? तीन वर्षं बसतेस इथे आणि अजून त्या बटणाला भितेस.

शॉना : मला हेडलीहून फोन आला होता. मुख्य कॉलेजातून. नर्सिंगला जागा मिळाली मला.

अर्डिस : कॉफी सांडली बघ. फडकं कुठे ठेवलं मी?

शॉना : तुमच्या हातात आहे.

अर्डिस : हां. छान झालं की. कधीपासून?

शॉना : ऑगस्टपासून. पण हो की नाही ते आजच सांगायचंय, ऑफिस बंद व्हायच्या आत. नाहीतर जागा पुढच्याला जाईल.

अर्डिस : आजच? मग नीट विचार कर बाई. हेडली काही शेजारच्या गल्लीत नाही. आणि हिवाळ्यात तो रस्ता! जेन्सनचा ट्रक बर्फात घसरून खड्ड्यात गेला, तो दोन दिवस कुणाला दिसला नाही. शिवाय तुझी ब्रिन आहे. एवढ्याशा पोरीला घेऊन राहणार कुठे तू?

शॉना : कॉलेजच्या मागे घरं आहेत, मुलंबाळं असलेल्यांसाठी.

अर्डिस : पुठ्ठ्याच्या भिंती असतात त्यांना. शेजारचा शिंकला की आपण रुमाल काढायचा.

शॉना : तुम्ही कधी पाहिलीत?

अर्डिस : ऐकलंय. आणि वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. तुला मावशी म्हणतील.

शॉना : अर्डिस, मला या खुर्चीत कुणी बसवलं? मी तर दारातूनच परत चालले होते. म्हटलं, मी शाळा अर्धवट सोडलेली, मला कोण घेणार? तेव्हा काय म्हणाला होतात?

अर्डिस : सरकारी कॉलेज आहे, दारात येईल त्याला घेतं. असंच म्हणाले असेन. केंद्र सांभाळते, सगळ्यांना तेच म्हणते मी.

शॉना : आणि आता जायच्या वेळी तेच दार अडवून उभ्या राहिलात.

अर्डिस : मी कशाला अडवू? रस्ता वाईट आहे, एवढंच म्हटलं.

शॉना : काळजी करू नका. मी त्यांना नाहीच म्हणणार आहे.

अर्डिस : काय?

शॉना : नाही म्हणणार. मी गेले की कॉलेजचं हे विल्सी गावातलं केंद्र बंद. निदान दोन विद्यार्थी हवेत, नाहीतर कुलूप. आणि दुसरी विद्यार्थिनी कोण आहे ते काय मला कळत नाही? सहासष्टाव्या वर्षी कुणी शरीरशास्त्राला हौसेनं नाव घालत नाही.

अर्डिस : मला हौस आहे.

शॉना : बरं. अंगात हाडं किती असतात, सांगा.

अर्डिस : भरपूर. सकाळी उठताना एकेक वेगळं कळतं मला.

शॉना : हसवू नका. माझ्यासाठी बसलात तुम्ही. बीजगणिताला बसलात, रसायनाला बसलात, काठावर पास होत इथवर आलात. तुम्ही नाव घातलं नसतंत तर पहिल्याच वर्षी हे बंद झालं असतं आणि मी अजून वृद्धाश्रमात चादरीच बदलत बसले असते. आता माझं काम झालं म्हणून तुम्हाला टाकून जाऊ?

अर्डिस : हे बघ, नाही म्हणायचं तर तुझं तू म्हण. त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस.

शॉना : मग खरं सांगा. मी गेल्यावर तुम्ही काय करणार?

अर्डिस : बाग करीन.

शॉना : इथे? या वाऱ्यात?

अर्डिस : मग टीव्ही बघीन.

शॉना : अर्डिस...

अर्डिस : काय ऐकायचंय तुला? लाइल गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून घरात माझ्याशी बोलतो तो रेडिओ. तोही गव्हाचे भाव सांगतो नाहीतर बर्फ कधी पडणार ते. मंगळवार आणि गुरुवार, एवढेच दोन दिवस मी केस नीट विंचरते. झालं? ऐकलंस?

शॉना : ऐकलं.

अर्डिस : पूर्वी इथे खुर्च्या पुरायच्या नाहीत. भिंतीपलीकडच्या बियाण्यांच्या दुकानातून पोती आणून त्यावर बसायची माणसं. ते स्टॉकर बंधू ट्रॅक्टर दुरुस्ती शिकायचे, अंगाला डिझेलचा वास, आणि त्यांच्या शेजारी पाद्रीबाई हिशेब लिहायला शिकायची, नाकाला रुमाल लावून. एकदा वादळात सगळेच अडकले. रात्रभर इथेच राहिलो. बिनदुधाची कॉफी आणि बिस्किटं. काय हसलो होतो! आता कुठे आहेत सगळे? एक बिलिंग्जला, एक डेन्व्हरला. शिकले आणि गेले. गावासाठी म्हणून हे केंद्र काढलं, आणि इथे जो शिकला त्यानं गाव सोडलं. मीच एकेकाला फॉर्म भरून दिले.

शॉना : वाईट वाटतं त्याचं?

अर्डिस : वाटतं. नाताळात कार्डं येतात तेव्हा नाही वाटत. एरवी वाटतं. आणि भीती वाटते, शॉना. मंगळवार उजाडेल, मी केस विंचरीन, आणि मग कुठे जाऊ?

शॉना : म्हणूनच म्हणते, मी 'नाही' असं कळवते. आत्ता करते फोन.

अर्डिस : थांब. ठेव तो फोन खाली. लाइलची शेवटची रात्र आठवते तुला?

शॉना : ती कशाला काढता आता?

अर्डिस : आठवते की नाही?

शॉना : विसरेन कशी? माझीच पाळी होती त्या रात्री.

अर्डिस : तो कळवळत होता. दुखणं थांबवायचं औषध समोर कपाटात होतं. पण ते द्यायचं तर नर्स हवी, आणि आश्रमाची नर्स त्या रात्री बर्फात अडकलेली, स्टॉक्वेलच्या अलीकडे. ती येईपर्यंत तू त्याचा हात धरून बसलीस. उठली नाहीस. पाणी प्यायलासुद्धा नाही. आणि नंतर बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसून काय म्हणालीस?

शॉना : म्हटलं, मला देता आलं असतं तर...

अर्डिस : त्याच्यानंतरच्या आठवड्यात तू या दारात आलीस. आणि मी बसले तुझ्याबरोबर. तुझ्यासाठी बसले असं तुला वाटतं. मी लाइलसाठी बसले होते. अजून आठ-दहा म्हातारे आहेत तिथे. उद्या मीही असेन त्यातल्याच एका खोलीत.

शॉना : असं बोलू नका.

अर्डिस : मला सोबत हवीय, पोरी. पण त्या रात्री मला नर्स जास्त हवी होती. गप. सर आले.

(पडद्यावर टॉलेफ्सन सर खुर्चीत बसतात, स्वेटरच्या टोकानं चष्मा पुसतात आणि नेहमीप्रमाणे एकेका गावाला हाक मारू लागतात.)

टॉलेफ्सन : काय मंडळी, गारठलात का? रेड ब्लफ, आहात का? ... बरं, तिघं. स्टॉक्वेल, आहात का? ... आवाज खरखरतोय, पण कळलं. नॉर्डाल, आहात का? ... नॉर्डाल?

शॉना : बघा, परत! दोन वर्षं झाली नॉर्डाल बंद होऊन. तरी दर वेळी हाक मारतात आणि वर उत्तरासाठी थांबतात.

अर्डिस : इतकी वर्षं मारली हाक. जीभ ऐकत नाही त्यांची.

टॉलेफ्सन : अं... हो, हो. नॉर्डाल नाही आता. चुकलंच. विल्सी, आहात का?

शॉना : अर्डिस, एवढ्यात बटण नका दाबू. मला डोळे तर पुसू द्या. अर्डिस!

अर्डिस : आहोत, सर. दोघी आहोत. आणि एक सांगायचंय, सगळ्या गावांना ऐकू जाऊ दे. आमच्या शॉनाला नर्सिंगला जागा मिळालीय. ऑगस्टात येतेय ती हेडलीला.

टॉलेफ्सन : काय सांगता! अरे वा, शॉना! ऐकलंत ना, रेड ब्लफ? ... टाळ्या वाजवतायत बघा. स्टॉक्वेल शिट्ट्या मारतंय. अहो, तुमच्या वर्गातली मुलगी माझ्या खिडकीखालून जाणार आता. मी हात करीन हो रोज.

शॉना : सर, मी अजून हो म्हटलेलं नाहीये!

अर्डिस : बटण सोडलंय मी. तुझं नाही ऐकू जात त्यांना.

शॉना : तुम्ही मुद्दाम केलंत हे.

अर्डिस : मग? आता सगळ्या मुलखाला ठाऊक झालं. नाही म्हणालीस तर एकेका गावाला तोंड द्यावं लागेल तुला. जा, बाहेर जाऊन फोन कर. ऑफिस बंद होईल.

शॉना : मी दर नाताळाला येईन. उन्हाळ्यातही येईन. ब्रिनला घेऊन येईन.

अर्डिस : ये, ये. नाक पूस आधी, नाहीतर फोनवर त्यांना वाटेल इकडे कुणी गेलं. आणि दार ओढून घे जाताना.

टॉलेफ्सन : विल्सी? अर्डिस, ऐकू येतंय का?

अर्डिस : येतंय, सर. शॉना जरा बाहेर गेलीय. मी आहे.

टॉलेफ्सन : खरंच फार आनंद झाला. पण मग... ऑगस्टपासून विल्सीत कोण?

अर्डिस : मी. म्हणजे कुणी नाही. एकीसाठी उघडं ठेवत नाहीत, मला माहितीय.

टॉलेफ्सन : मी डीनशी बोलून बघू का?

अर्डिस : नका. नॉर्डालच्या वेळी बोललातच की तुम्ही. काढा आमचं नाव. फक्त एक मागणं आहे.

टॉलेफ्सन : मागा ना, अर्डिस.

अर्डिस : नॉर्डालच्या बाबतीत तुम्ही दर वेळी चुकता ना, सर? तेवढं आमच्याही बाबतीत चुकत जा.