गावाचा रकाना

— नाही नाही मॅडम, तो रकाना कोराच राहू द्या. या नव्या पोरीचं नाव लिहा, अमरीन, वय लिहा. दवाखान्याचं कार्ड निघते ना तेवढ्यावर? मंग गाव कायले पायजे? — संरक्षणासाठी! हो, मागच्या मॅडमनंही असंच म्हणलं होतं. कायद्यानं बाई गुन्हेगार नाही, तिले फक्त सोडवाचं असते — मले सारं पाठ आहे, दहा वर्षं झाली, या धंद्याच्या गल्लीतल्या बायाईले दवाखान्यात नेण्याआणण्याचं काम मीच करून राहिली. चहा घ्या, थंडा होते.

रुख्मिणी होती इथं. चांदूर बाजारकडची. कापसानं लागोपाठ दगा देल्ला, तवा आली. गावात सांगून ठेवलं — अकोल्यात दवाखान्यात आया आहो. आमचा एक नेम आहे मॅडम: धाड पडली, कोर्टात उभं केलं, तरी गाव सांगाचं नाही. मायबाप मेले म्हणाचं. मंग ठेवतात सुधारगृहात वर्षभर — ठेवू द्या! पण रुख्मिणी धाडीत सापडली तवा तिची पोट्टी दहावीले होती, सुधारगृहात हे रुख्मिणी रडे, "परीक्षेच्या आत मले घरी जाऊ द्या वं इंदूबाई." अन् घरचे न्याले आले तरच सोडतात ना? तर — कोणीतरी गाव सांगतलं. चांगल्यासाठीच. पोलिसायची जीप गेली गावात चौकशीले. पारावर उभं राहून विचारलं, रुख्मिणी कोणाची — अन् कुठं सापडली तेही सांगतलं. भाऊ आला, गोवर्धन. सही केली, साहेबाच्या पाया पडला, घेऊन गेला. चवथ्या दिवशी विहिरीत. कोणी म्हणे उडी घेतली, कोणी म्हणे — जाऊ द्या. कागदावर काय आहे, माहीत आहे? "कुटुंबाच्या स्वाधीन." नियमानं सारं बरोबर.

ती येते मॅडम. दुपारी, अशीच. तुमी बसल्या तिथंच उभी राह्यते, पदर निथळत. रागावत नाही. एवढंच विचारते — गाव कोणी सांगतलं वं इंदूबाई? मी म्हणते, मले काय मालूम, पोलिसायनं काढलं असन. दरवेळी हेच म्हणते. अन् ती मान हालवते, खरं मानून जाते — तेच सहन होत नाही मले. शिवी देल्ली असती तर — तिच्या फॉर्मवर गावाच्या रकान्यात अक्षर माहं होतं ना. तिले वाचता कुठं येत होतं.

काय? — नाही, मी काही बोलली नाही. तो पेन ठेवा खाली. अमरीनले गाव नाही. मायबाप मेले तिचे. जा तुमी आता. अन् खुर्ची थोडी सरकवून जा मॅडम — तिची येण्याची येळ झाली.