हजेरीपटावरची लेक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारवड आदरणीय संगमेश्वरअण्णा, प्राचार्य डॉ. आनंदराज सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सहकारी प्राध्यापक आणि शिक्षकेतर बंधू-भगिनी, कामं सोडून आवर्जून आलेले पालक, आणि आज निरोप घेणाऱ्या बारावी विज्ञानच्या माझ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

आधी या शालीबद्दल, श्रीफळाबद्दल आणि तुमच्यातल्या वर्षाराणीनं माझ्याविषयी जे गोड शब्द काढले त्याबद्दल आभार. तिनं मला शिस्तप्रिय म्हटलं. जिन्याखाली तुम्ही मला काय म्हणता ते मला ठाऊक आहे, पण आज सत्काराचा दिवस आहे, तेव्हा तिचाच शब्द खरा धरू.

तुमचा निरोप आणि माझी निवृत्ती एकाच मांडवात उरकायची ही कल्पना प्राचार्यांची. विषयही त्यांनीच दिला : 'महाविद्यालयीन जीवनाचे आनंद आणि फायदे'. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला यात अवघड ते काय? फायदे मी लिहूनही आणले. सभाधीटपणा, मैत्री, नेतृत्वगुण, वक्तशीरपणा, असे नऊ निघाले. कागद खिशात आहे आणि तो तिथंच राहू द्या. कारण लिहिता लिहिता मला वाटलं, हे नऊ फायदे माझ्या हातून किती पोरांचे हुकले असतील?

पालकांना कोड्यात ठेवत नाही. निलंग्याच्या या पंचक्रोशीत एक पद्धत पडली आहे. पोराचं नाव आपल्या कॉलेजात घालायचं आणि पोराला लातूरला क्लासला ठेवायचं. खोली तिथं, मेस तिथं, रविवारची परीक्षाही तिथंच. इकडं ते येणार फक्त प्रात्यक्षिकाला आणि फॉर्मवर सही करायला. बाकीचे दिवस इथं त्याची हजेरी लागत राहते. कोण लावतं? वर्गशिक्षक लावतो. विज्ञानचा वर्गशिक्षक तेरा वर्षं मी आहे. अण्णा, तुम्ही खुर्चीत सरकलात, पण मी संस्थेला बोल लावत नाही. पहिल्या वर्षी ही सोय पालकांना मीच सुचवली, आणि निकाल लागल्यावर हारही मीच गळ्यात घालून घेतला.

अशा पोरांच्या यादीत माझी लेकही होती. रुद्राणी. रोल नंबर सत्तेचाळीस. सोळाव्या वर्षी मी तिला लातूरला नेऊन सोडलं. तिची आई एसटीत परत येईस्तोवर मागंच बघत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन मी सत्तेचाळीसपुढं 'हजर' लिहिलं आणि फळ्याकडं वळलो. दोन वर्षं लिहिलं. एकदा ती तिकडं टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती आणि तिची आई उशाशी बसून होती. त्या आठवड्यातही आमच्या रुद्राणीचा इथला एकही तास बुडाला नाही.

तुम्ही हसलात. मीही त्या वेळी स्टाफरूममध्ये हे हसत सांगितलं होतं.

बारावीच्या वर्षी फॉर्मवर सहीसाठी ती आली, त्या दिवशी नेमकं आपलं स्नेहसंमेलन होतं. सही झाली, पण लातूरची गाडी संध्याकाळी होती, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसली. शेलापागोटे चालू होते. तुम्हाला नव्यानं सांगायला नको, पण मागं बसलेल्या आज्यांसाठी सांगतो. पोरं एकमेकांवर चिठ्ठ्या लिहितात, गमतीच्या, थोड्या झोंबणाऱ्या, आणि त्या नाव घेऊन सगळ्यांसमोर वाचतात. दीड तास चिठ्ठ्या वाचल्या. प्रत्येक नावाला रुद्राणी मान उंचावून ऐकत होती. कुणाच्या वेणीवर, कुणाच्या उशिरा येण्यावर, कुणाच्या डब्यातल्या चुरमुऱ्याच्या सुशीलावर शेरे पडत होते. बारावी विज्ञानची नावं संपली, तिचं आलं नाही. कसं येणार? वर्गात तिला कुणी पाहिलंच नव्हतं.

स्टँडवर मला म्हणाली, "अप्पा, त्या चिठ्ठ्या कोण लिहितं?"

मी म्हणालो, "ज्यांना अभ्यास नसतो ते."

ती गाडीत बसली. पुढं चांगले मार्क पडले, एमबीबीएस झाली, आज नांदेडला दवाखान्यात डॉक्टर आहे. माझं चुकलं असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. उलट चार पालक पेढे घेऊन आले आणि आमच्या पोराचंही तसंच करा म्हणाले. मीही केलं.

आता खरी गोष्ट मागच्या महिन्यातली. माझ्या निवृत्तीचा गौरव अंक निघतोय. संपादक मंडळाला वाटलं, सरांच्या मुलीचा लेख हवाच, ती तर त्यांचीच विद्यार्थिनी. मी हौसेनं फोन केला आणि कॉलेजच्या आठवणी लिहायला सांगितल्या.  ती म्हणाली, "अप्पा, मी तुमच्या तासाला कधी बसलेच नाही. काय लिहू?"

फोन ठेवला आणि मी हिशेब मांडला. एकतीस वर्षांत या तालुक्यातल्या हजारभर पोरांना मी शिकवलं. शेंगदाणे विकणाऱ्याच्या पोराला शिकवलं, मामलेदाराच्या पोरीला शिकवलं. माझ्या पोटच्या पोरीला तेवढं नाही शिकवलं.

मग मीच तिला म्हणालो, गुरुवारी माझा शेवटचा तास आहे, जमलं तर ये. ती रजा काढून आली. पटावर एकशेअठरा पोरं, वर्गात चौतीस. ही पस्तिसावी, दुसऱ्या बाकावर वर्षाराणीच्या शेजारी. शिपाई लिंबाजीमामांनी दारातून डोकावून विचारलं, "सर, ह्या बाई कोन हायत?" मी म्हणालो, नवीन ॲडमिशन आहे. त्या दिवशी मी साबण कसा मळ काढतो ते शिकवलं. साधा धडा. पण खोटं कशाला बोलू, इतका जीव ओतून मी कधीच शिकवलं नव्हतं. रुद्राणी वहीत लिहून घेत होती. एमबीबीएस झालेली बाई, साबणाचं लिहून घेत होती.

तास संपला. पोरं गेली. ती फळ्याजवळ आली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही लई चांगलं शिकवता. मग मला तिकडं का धाडलं?"

मी फळा पुसायला घेतला.  दुसऱ्या दिवशी ती नांदेडला गेली. आज माईक हातात आहे तर तिला उत्तर देतो. बेटा, सगळे धाडत होते म्हणून मी धाडलं, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की, माझ्या शिकवण्यावर माझाच भरवसा नव्हता. दुसऱ्यांची पोरं माझ्या वर्गात बसलेली मला चालत होती, माझी चालत नव्हती. याची लाज वाटते. आणि ज्या आईबापांनी माझ्याकडं बघून पोरं तिकडं नेली, त्यांच्यापुढं तर मला मान वर करता येत नाही.

म्हणून समोरच्या चौतीस जणांनो, तुम्ही इथं आलात, धक्के खात एसटीनं आलात, माझ्या तासाला डुलक्या काढल्यात, एकमेकांवर वाईट चिठ्ठ्या लिहिल्यात, त्याबद्दल मी तुमचे आभार मानतो. तुम्ही होतात म्हणून मी शिक्षक राहिलो. नाहीतर मी नुसता हजेरी भरणारा माणूस होतो.

संस्थेचे, सहकाऱ्यांचे, लिंबाजीमामांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या सर्वांचे ऋण मानतो. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर अण्णांनी आणि प्राचार्यांनी सांभाळून घ्यावं. माझी मोठी माफी ज्यांच्याकडं मागायची, ती चौऱ्याऐंशी पोरं आणि त्यांच्या आधीची कित्येक, आज या सभागृहात नाहीत. त्यांना मीच हजर दाखवून बाहेर ठेवलं. त्यांच्यातली एक तेवढी आली आहे, तिसऱ्या रांगेत, आईजवळ.

रुद्राणी, मला माफ कर.

धन्यवाद.