मुरलीकाकांचा रॉक बँड

आमच्या लाखांदूरकडच्या नाटकांना दरवर्षी ढीगभर गाणी लिहून देणारे मुरलीकाका आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. महिनाभर मी मोबाइलवर कुठल्यातरी अनोळखी मराठी रॉक बँडची गाणी ऐकत होतो. गिटार दणदणीत, पण गाणाऱ्याचा आवाज ओळखीचा वाटायचा. परवा नाटकाच्या तालमीत काका चाल गाऊन दाखवायला लागले आणि मी उडालोच.

"काका, त्या रॉक बँडमंदी तुमीच गाता ना?"

काकांनी हाताला धरून मला बाहेर नेलं. वाटलं, आता झापतात.

"तू आयकतोस ते?"

"रोज आयकतो. काहून?"

काकांनी तिथूनच ड्रम वाजवणाऱ्या जावयाला फोन लावला. "जावईबापू, आपल्या दोघांबिगर आपली गानी तिसरा कोन आयकून राहिला मनत होतो ना? सापडला जी तो!"