अंड्याला न शिवणारी मी

...आणि तो दवाखान्यातला तपासणीवाला दारात उभा राहून भरल्या बाकांसमोर विचारतो, "अंडी सापडलेल्या काकू कोण?" तुम्हाला सांगते, धरणी दुभंगली असती तर पदर सावरून आत उतरले असते हो. अंड्याला न शिवणारी मी, आणि माझ्या नमुन्यात अंडी? शेजारच्या बाई हळूच सरकून बसल्या...

बरं, झालं कसं, तर लेक गरोदर. तिचं सगळं सुखरूप व्हावं म्हणून मी नेम धरला, की बाळ होईस्तोवर संध्याकाळी चुलीवरचं खायचं नाही, नुसतं कच्चं, देवानं दिलं तसं. आमच्या कोपऱ्यावरच्या तळ्यात हिरवीगार पानं, इतकी कोवळी की बघून मन निवावं. मी खुडायचे, पाण्यात बुचकळायचे, हात जोडायचे आणि खायचे. आमचे हे म्हणायचेसुद्धा, "अगं, निदान वाफ तरी दे." मी म्हणे, "वाफ दिली की नेम मोडला."

नेम नाही मोडला. पोट बिघडलं.

डॉक्टर बिचारे समजावत होते, "काकू, तळ्यात घाण जाते, घाणीत जंताची अंडी, अंड्यातून पिल्लू, ते शिरतं गोगलगायीत, तिथे वाढतं, मग बाहेर पडून पानाला चिकटतं आणि वाट बघत बसतं."

"कुणाची?"

"तुमची."

घ्या. मी देवाची वाट बघतेय आणि हा माझी. चपटा कृमी, पानासारखाच दिसतो म्हणे, आतड्याला चिकटून अंडी घालतो... अंड्याला न शिवणारी मी, आणि आत हा कारखाना. वर म्हणे गोळीनं मरेल. मुंगीला साखर घालणारी बाई मी, काय करणार, मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली आणि गिळली गोळी.

पण खरी लाज पुढेच. "ही पानं आणखी कुणी खाल्ली?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी बोटांवर माणसं मोजू लागले. लेकीला वासच सोसेना, तिनं तोंड नाही लावलं, देवाची कृपा. पण तिच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई... आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा त्या नको नको म्हणताना मीच, "घ्या हो, नातवंडासाठी आहे," करत वाटीभर खायला लावली. आता न सांगावं तर पाप, सांगावं तर लेकीला जन्मभराचा टोमणा, "तुझ्या आईनं आम्हाला काय दिलं? तर जंत."

फोन उचलला, ठेवला, देवापुढे बसले, पुन्हा उचलला. सगळं सांगितलं, गोगलगायीसकट. मग विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे ते तुमच्याकडचं होय? आणि मी मेली लाजेनं घरात कुणाला बोलले नाही. कालच जंताची गोळी घेतली. म्हटलं, तुम्हाला कळलं तर लेकीला आमच्या घरात ठेवायच्या नाहीत तुम्ही."

मी इकडे रडतेय, त्या तिकडे हसतायत...

आता नेम तोच, फक्त सगळं उकडून. देव समजून घेईल, त्याच्या नावावर मी काय काय खाल्लं ते त्यानं पाहिलंय. बाळ झालं की बघायला यायचं आग्रहाचं आमंत्रणही आहे. फक्त फोन ठेवता ठेवता विहीणबाई हळूच म्हणाल्या, "मात्र ताई, येताना रिकाम्या हातानं या हं."