कुसाईच्या निशाणाचं गाणं

मंडळी, जरा सरसावून बसा! तबलेवाले, चहा संपवा हो आधी! आज देवाआधी तुम्हालाच एक विचारतो. गावाचं निशाण, गावाचं गाणं... हे नेमकं कुणाचं? गावात जन्मला त्याचं? की आणखी कुणाचं? माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मलाही येत नव्हतं. मग ऐका.

एक होती कुसुंबवाडी. गावची देवी कुसाई. चैत्रात तिची जत्रा, आणि जत्रेत निशाणाची काठी उभी करायची. काठी केवढी? देवळाच्या कळसाच्याही वर! चार बाजूंनी चार दोर, दोराला गडी. आणि बायका गाणं म्हणणार. कडवं संपलं की गड्यांनी सगळ्यांनी मिळून एक हिसका द्यायचा. गाण्याच्या तालावर काठी चढायची!

आता गंमत बघा. हे गाणं फक्त सुनांना शिकवायचं. लेकींना नाही! का? तर लेक उद्या लग्न होऊन जाणार, आपलं गाणं परगावाला नेणार! सासू सुनेला शिकवायला बसली की पोरींना दाराबाहेर काढायचं. "जा गं, अंगणात खेळा!" काय हुशार गाव! आहे की नाही?

पुढं काय झालं? सुना नवऱ्यांबरोबर शहरात गेल्या. जुन्या बायका एकेक करून देवाघरी गेल्या. गाणं येणारी उरली एकटी तान्हुबाई. आणि त्या वर्षी तिला दम्यानं धरलं. बोलता येई, गाता येईना!

जत्रेचे पंच रंगराव म्हणाले, "असू दे. गाण्यावाचून उभी करू! ओढा रे!"

ओढली. एकानं आधी ओढलं, दुसऱ्यानं नंतर. अर्ध्यावर गेलेली काठी डुलली, कलली आणि धाडकन खाली! माणसं उड्या मारून वाचली. देवळापुढं निशाण धुळीत पडलं हो! म्हातारे रडायला लागले. असं कधी घडलं नव्हतं.

तेवढ्यात माहेरी आलेली तान्हुबाईची लेक राही पुढं झाली. "मी म्हणते. मला येतं."

"तुला कसं येतं?" रंगराव ओरडले.

अहो, पोरीला दाराबाहेर काढलं होतं, तिचे कान काढून ठेवले होते का?

"नाही चालायचं! तू आता तांदुळण्याची सून. परगावची!"

तान्हुबाई काठी टेकत उठली. "रंगराव, माझं माहेर कुठलं रे?"

"तांदुळणंच की."

"तुझ्या आईचं?"

उत्तरही तान्हुबाईनंच दिलं.

"नेरळ्याचं. माझी थोरली जाऊ ती; सासूनं तिला शिकवलं, तिनं मला. माझ्या सासूचं माहेर घाटाखाली. अरे, या गावात जन्मलेल्या एका तरी बाईनं हे गाणं कधी म्हटलंय का? परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून जपलंत, आणि जपलं कुणी? आम्ही परक्यांनीच!"

"तुम्ही परक्या कशा, काकी? तुम्ही आमच्याच!"

"कशानं झालो तुमच्या? गाणं धरलं म्हणून ना? मग हिनं धरलं तर हीच परकी कशी?"

रंगरावांनी स्वतः दोर उचलला. राहीनं सूर लावला:

*परगावच्या गं लेकी, नाही ठावं त्यांचं नाव,*
*जिनं धरिला गं सूर, तिचं झालं सारं गाव!*

मंडळी, दोरावरचे गडी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले! गाण्यात हे होतं? अहो, होतंच! पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ताल ऐकला, हिसका दिला. शब्द कुणी ऐकलेच नव्हते! रंगरावांच्या डोळ्यांना धार लागली, पण दोर सोडला नाही. काठी चढली, सरळ उभी राहिली. दोर बांधून होताच राहीनं देवळाच्या अंगणात खेळणाऱ्या पोरींना हाक मारली, "या गं, इकडं बसा." आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आता तुमच्याकडे वळतो. सुटका नाही! या गावात जन्मलेल्या बायांनी हात वर करा. हं... मागं एक... ती माहेरवाशीण दिसते. आणखी? संपलं! आणि मघाशी देवळात ओव्या कोण म्हणत होतं? बाप्यांनो, खाली काय बघता? वेशीवरच्या कमानीत गावाचं नाव रंगवता, कोण आपला नि कोण उपरा यावर पारावर भांडता. घरी जा आणि आईला विचारा, "तुझ्या माहेरी काय गात होतीस?" ती सांगायला लागली की उठून जाऊ नका. शब्द ऐका!

चला, उभे राहा आरतीला. आज पहिला सूर बायकांचा. आपण मागून, हळू आवाजात. शब्द नीट कानावर पडले पाहिजेत.