डाव्या कुशीवर

समीक्षा: हलू नको दिशा. डाव्या कुशीवर वळ. हां, अशी. आता श्वास सोड आणि जरा थांब.

दिशा: किती वेळ गो? मुरारीआजाला तर बसल्या बसल्या सोडलंस.

समीक्षा: आजा गप्पच बसेना. नळी छातीला लावली तरी म्हशीचं सांगत होता. ठोक्यांपेक्षा म्हैसच जास्त ऐकली मी.

रखमा: वहीत किती झाले तुझे?

समीक्षा: नऊ, काकी. सुट्टीत दहा जणांचे ठोके ऐकून लिहून आणा, असं सांगितलंय नर्सिंगच्या मॅडमनी. दिशा दहावी.

रखमा: मंग झाले म्हण दहा. उठव माझ्या पोरीला. पाचवा महिना हाय तिला, दाबू नको.

समीक्षा: दाबत नाही, हलकीच टेकवलीय. जरा बोलू नको काकी.

दिशा: काय झालं? तोंड असं का केलंस?

समीक्षा: थांब, परत ऐकते.

दिशा: समे, टेन्शन देऊ नको हां. बोल.

समीक्षा: काळजात चार खोल्या असतात, चार दारं. दारं मिटली की आवाज येतो. लब, डब. मग शांत. पुन्हा लब, डब. नऊ जणांचं असंच होतं. तुझ्या त्या शांततेत काहीतरी आहे. जाड, खालच्या पट्टीतलं. उताणी होतीस तेव्हा नव्हतं आलं ऐकू.

दिशा: म्हणजे काय?

समीक्षा: मी अजून शिकतेय, चुकतही असेन. पण मॅडमनी ऐकायला हवं. तीनची एसटी धरली तर आज संध्याकाळच्या आत महाडला त्यांच्या दवाखान्यात तपासून होईल.

रखमा: दिशा वहाळ ओलांडायची नाय.

दिशा: आये, पूल झालाय आता.

रखमा: पूल झाला म्हणून वहाळ गेला काय? बाळंतपणाला माहेरी आली ती आली. आता हातात पोर घेऊनच उतरायची.

समीक्षा: काकी, कसला आवाज ते तू विचारलंच नाहीस.

(रखमा उठून दाराच्या उंबऱ्यात पाठमोरी बसते.)

दिशा: आये?

रखमा: जात्यागत येतो ना? रिकामं जातं फिरवल्यागत.

समीक्षा: तुला ठाऊक होतं?

रखमा: दिशा दहा वर्सांची व्हती. तापातून उठलेली. पाठीला तेल चोळता चोळता कान टेकला माझा. मी तेलाची वाटी तशीच ठेवून परड्यात जाऊन बसले. वळखीचा आवाज हाय तो. माझ्या ठकूतायचा.

दिशा: ठकूमावशीचा? जी वहाळावर गेली?

रखमा: पहिलटकरीण व्हती. सातव्यात माहेरी आलेली. मी नऊची, तिच्या पाठीला चिकटून निजायची. पहाटं उठून नाचणी दळायची ताय, आयनं नको म्हटलं तरी. आणि गायची.

दिशा: तू गातेस तीच?

रखमा: 'दळण दळीते, दाणा टाकिते मोजून, माहेराच्या वाटंवरी, आले डोंगर... येंघून.' डोंगर म्हटलं की थांबायची. मला वाटायचं, चालच तशी हाय. अजून मी तिथं थांबते गो. आता कळतं, तिला दम पुरत न्हवता.

समीक्षा: मग?

रखमा: मंग एका पहाटं दम लागला तो उतरेनाच. डोलीत घालून चौघांनी वहाळापर्यंत नेली. पाण्यात पाय घातला आणि मागचा गडी बोलला, ठेवा खाली.

दिशा: हे तू मला कधी बोलली नाहीस.

रखमा: काय बोलू? मीच केलं ते. रिकामं जातं फिरवू नये, घरातलं माणूस जातं. मी फिरवलं. आय रानात गेली व्हती, ताय निजली व्हती. फिरवलं आणि ऐकत बसले. त्याची घरघर तिच्या पाठीत शिरली. आणि आता माझ्या पोरीच्या.

समीक्षा: काकी, दिशाचे लहानपणी सांधे सुजायचे का?

रखमा: गुडघे. आज हा, उद्या तो. घसा धरला की मागून ताप नि गुडघे. निरगुडीचा शेक द्यायची मी.

समीक्षा: आणि ठकूमावशीचे?

रखमा: ताय तर होळीला लंगडतच नाचायची.

समीक्षा: त्या तापाने काळजाचं दार आखडतं. जाड होतं, पुरतं उघडत नाही. मग रक्त फटीतून जाताना घरघरतं. पोटात बाळ असलं की अंगात रक्त वाढतं, त्या दाराशी गर्दी होते. एरवी निभतं ते तेव्हा निभत नाही. पण आता यावर औषधं आहेत. दार उघडूनही देतात. मात्र तिथवर जायला हवं.

रखमा: तू शिकलीस, तुझं खरं असेल. पण मी फिरवलं ते खोटं नाय.

समीक्षा: का फिरवलंस?

रखमा: काय का?

समीक्षा: नऊ वर्षांची पोर, घरात कोणी नाही. रिकामं जातं फिरवून ऐकत का बसलीस?

रखमा: तोच आवाज निघतो का, ते बघायला.

समीक्षा: कोणता तोच?

रखमा: तायच्या पाठीतला. रात्री ऐकलेला. दाणं घालून तसा निघत न्हवता. मंग रिकामं...

दिशा: आये. म्हणजे तिच्या पाठीत तो आधीच होता.

रखमा: व्हता.

समीक्षा: मी ही नळी लावून आज जे केलं, तेच केलंस तू. फक्त कान लावून.

रखमा: मंग मी कोणाला बोलले का नाय?

दिशा: नऊची होतीस तू.

रखमा: नऊची पोर दिवसभर बोलते गो. पाठीत कसला आवाज येतो, विचारलं तशी तायनं माझ्या तोंडावर हात ठेवला. बोलली, आयला सांगू नको, सासरी कळलं तर परत नेयाचे नायत. मी ऐकलं तिचं. चाळीस वर्सं ऐकलं.

समीक्षा: काकी, अडीच वाजले. मॅडमना द्यायला चिठ्ठी लिहिते मी. दिशा, मी विचारते त्याची उत्तरं दे. चालताना दम लागतो?

दिशा: चढाला. तो सगळ्यांनाच लागतो.

समीक्षा: रात्री आडवं झोपता येतं?

दिशा: येतं की.

रखमा: नाय येत. लिही तू. चार रात्री झाल्या, भिंतीला टेकून बसते. मी जागीच असते.